दोन फासे आणि मारुतीच्या छातीपर्यंत पाणी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक खेळ हमखास असतो. पुठ्ठ्यावर सापशिडी काढलेली. 'झाड लावलं' की शिडी, 'नदीत निर्माल्य टाकलं' की साप. परीक्षक कौतुक करतात, फोटो निघतात आणि पुठ्ठा कपाटावर जातो. नदीबद्दल मुलांना त्यातून काय कळलं? फारसं काही नाही. या खेळात खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नसतं. फासा ठरवतो, सोंगटी चालते.

खरं तर खेळाचे नियम म्हणजे जग कसं चालतं याबद्दलचं एक म्हणणं असतं. आपल्या जुन्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप होते, ते उगाच नव्हे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली एका खेळाचं पेटंट घेतलं, ते जमीनमालक भाड्यावर कसे गब्बर होतात हे दाखवायला. मोनोपॉली त्याच खेळातून पुढे आली आणि लोक हौसेने जमीनमालक व्हायला लागले, हा भाग वेगळा.

दुसऱ्यांना दाखवता येईल, वापरता येईल अशी वस्तू बनवताना मूल सगळ्यात चांगलं शिकतं, असं गणितज्ञ सीमोर पॅपर्ट यांचं म्हणणं होतं. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काम केलेल्या या माणसाने १९६७ साली सहकाऱ्यांसोबत मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातून २००७ साली मुलांसाठीच 'स्क्रॅच' ही संगणकभाषा आली. पण आमच्या शाळेत संगणक चालू असेल त्या दिवशी वीज नसते, म्हणून आम्ही पुठ्ठा, लुडोचे फासे आणि पिशवीभर चिंचोके घेतले. सातवीचा वर्ग, विषय गोदावरीचा पूर, आणि खेळ मुलांनीच बनवायचा.

नाशिककराला पुराची मोजपट्टी शिकवावी लागत नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. 'पाणी गुडघ्याला लागलं', 'छातीपर्यंत आलं' एवढं म्हटलं की भांडीबाजारातली दुकानं आवरायला लागतात. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तर त्याच्या डोक्यावरून पाणी गेलं. मुलांनी पटावर आधी मारुतीच काढला आणि वरच्या बाजूला गंगापूर धरण. चिंचोके म्हणजे पाणी; धरणात ४० मावतात. एक डाव म्हणजे पावसाळ्याचे १८ आठवडे. शेवटी धरणात ३५ तरी उरले पाहिजेत, नाहीतर उन्हाळ्यात शहराच्या नळाला पाणी नाही.

पहिल्या दिवशी फासा एकच होता आणि ६ पडले की ढगफुटी. डाव संपल्यावर भांडीबाजारात घर असलेला एक मुलगा म्हणाला, "सर, असं असतं तर आमचं दुकान दर पावसाळ्यात तीनदा बुडालं असतं." हिशेब अगदी बरोबर होता. एका फाशात प्रत्येक आकडा सारख्याच वेळा येतो. खऱ्या पावसात रिमझिम खूपदा येते, ढगफुटी क्वचित. मग दोन फासे घेतले आणि फळ्यावर सगळ्या ३६ जोड्या मांडल्या. ७ ची बेरीज सहा तऱ्हांनी येते, १२ ची एकाच. म्हणजे १८ आठवड्यांत एकदा तरी १२ पडण्याची शक्यता साधारण ४० टक्के. संभाव्यता हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

तरी खेळ मिळमिळीत होता, कारण कुणी हरतच नव्हतं. फासे टाकायचे, किती पाणी आलं ते बघायचं आणि त्या बेताने धरणाचे दरवाजे उघडायचे. दोन शनिवार यातच गेले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पाऊस पडल्यावर कुणीपण शहाणं होतं. किती सोडायचं ते आधी सांगायचं."

इथून खेळात जीव आला. आधी जास्त सोडलं आणि पाऊस आलाच नाही, तर मे महिन्यात घसा कोरडा. जपून सोडलं आणि १२ पडले, तर मारुतीच्या छातीला पाणी. धरणावरच्या अभियंत्याची खरी अडचण हीच असते: पुरासाठी धरण रिकामं हवं, उन्हाळ्यासाठी भरलेलं. पुढच्या शनिवारी मुलांनी एक फासा आधी उघडायचं ठरवलं आणि त्याचं नाव ठेवलं 'हवामान खातं'. तो बघून पाणी सोडायचं, मग दुसरा फासा टाकायचा. पहिल्यावर ६ दिसले तर बेरीज ७ ते १२, सरासरी साडेनऊ. अंदाज खोटा नसतो, अर्धा असतो, हे मला इतक्या नेमक्या शब्दांत कधी समजावता आलं नव्हतं.

चाचणीचा नियम मात्र माझा: दुसऱ्या तुकडीतली मुलं खेळतील, बनवणाऱ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. नियमपत्रिकेतलं 'पाणी जास्त झाल्यास' हे वाक्य त्या दिवशी चार वेळा खोडलं गेलं. जास्त म्हणजे किती? मराठीच्या बाईंनी निबंधावर कितीही लाल शेरे मारले असते तरी हे झालं नसतं.

सात शनिवार गेले आणि दोन धडे घाईत उरकावे लागले, हेही सांगायला हवं. गुण कसे द्यायचे याची रीत मला अजून सापडलेली नाही. खेळ रंगला म्हणून द्यायचे, की तो कुठे खोटा पडतो हे सांगता आलं म्हणून? मी दुसऱ्याकडे झुकतो. "तुमच्या खेळातून काय सुटलंय?" असं घरी विचारून यायला सांगितलं होतं. पंचवटीतल्या एका आजोबांनी नातीला ऐकवलं, "अगं, सगळं पाणी काय धरणातूनच येतं? वाघाडी आणि नासर्डी शहरातच गोदेला मिळतात. धरणाचे दरवाजे बंद असले तरी घाटावर पाणी चढतं." दुसऱ्या दिवशी पटावर दोन निळ्या रेघा वाढल्या आणि एक फासाही.

आता भांडण पैठणवरून आहे. गंगापूरचं पाणी पुढे पैठणच्या जायकवाडी धरणात जातं, म्हणून एकाने पैठणचा खेळाडू बसवला. त्याला दर डावाला दहा चिंचोके हवेत. नाशिकवाले म्हणतात, आधी आमचे ३५. पटावर पैठणच्या घरात सध्या पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.