पेपरवर नाव कुणाचं? लेखकाची पात्रता, फॉर्म आणि सह्या

पेपर तयार होतो, जर्नलच्या पोर्टलवर लेखकांच्या नावांचा रकाना उघडतो आणि मग विभागात कुजबुज सुरू होते: "सरांचं तर घालायचंच, पण एचओडींचं (विभागप्रमुखांचं)?" खरं तर कुणाची नावं लागणार, हे संशोधनाचं काम सुरू होण्याआधीच कागदावर ठरायला हवं होतं.

वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे (आयसीएमजेई) निकष सर्वाधिक चालतात. कल्पना, आराखडा, माहिती गोळा करणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दुरुस्त्या करणं. अंतिम प्रतीला मान्यता. आणि उद्या कुणी आकड्यांवर बोट ठेवलं तर जबाबदारी घेणं. चारही लागतात. चौथा निकष २०१३ मध्ये आला.

यात एक मेख आहे. समजा, प्रकल्प सहायकाने पाहणीच्या आखणीत डोकं घातलं, सहा महिने गावोगाव फिरून नमुने आणले. "तू लिहिलंस कुठे?" म्हणून त्याला उडवता येत नाही. पहिला निकष पूर्ण करणाऱ्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधी द्यायचीच, असं हीच समिती सांगते. उलट निव्वळ निधी मिळवणं, विभागप्रमुख असणं, वरवरची देखरेख किंवा भाषा तपासणं एवढ्यावर नाव लागत नाही. अशांचे आभार मानायचे, तेही त्यांची लेखी संमती घेऊन. गाईड असणं हीसुद्धा आपोआप पात्रता नाही, हे आपल्याकडे बोलायची चोरी. एआय साधनांना लेखक करता येत नाही. वापर मात्र जाहीर करावा लागतो.

नावांचा क्रम लेखकांनीच ठरवायचा. तो किरकोळ नाही: प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठीच्या यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या, मुख्य किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला पेपरच्या गुणांपैकी ७० टक्के गुण, बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. भांडणं इथूनच सुरू होतात.

कागदपत्रांत साधारणपणे प्रत्येकाचं नाव, संस्था, ईमेल व सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), योगदानाचं निवेदन (बरीच जर्नलं 'क्रेडिट' या योगदानांच्या ठरलेल्या यादीतल्या १४ भूमिकांतून निवडायला लावतात), हितसंबंधांचं व निधीचं निवेदन, लागू असेल तिथे नैतिक समितीचं मंजुरीपत्र आणि कॉपीराइट किंवा परवान्याचा फॉर्म लागतो. सह्या कुणाच्या, हे त्या जर्नलच्या सूचनांत बघा. दुसऱ्याची सही आपणच ठोकून देऊ नका.

पेपर पाठवल्यावर नाव वाढवायचं किंवा काढायचं असेल तर कारणासह पत्र आणि सगळ्यांची लेखी संमती लागते. ज्याचं नाव काढायचं त्याचीही. तो नाही म्हणाला, तर संपादक निवाडा करत बसत नाहीत. प्रकरण संस्थेकडे पाठवतात आणि तोवर पेपर अडकून पडतो.