आई-बाबांना जर्मनीत बोलावताना: आर्थिक हमीपत्र, पात्रता आणि कागदपत्रं

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा मुलीने आई-बाबांना दोन-तीन महिन्यांसाठी बोलवायचं ठरवलं, की पुण्यात किंवा मुंबईत व्हिसाचा अर्ज भरण्याआधी एक काम जर्मनीतच उरकावं लागतं. तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेमधून, आर्थिक हमीपत्र काढायचं. त्याचं जर्मन नाव 'फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग'. जर्मनीच्या निवास कायद्यातल्या ६६ ते ६८ या कलमांत त्याचे नियम आहेत. या लेखात त्याला नुसतं हमीपत्र म्हणू.

बरेच जण हमीपत्र आणि निमंत्रणपत्र एकच समजतात. निमंत्रणपत्र तुम्ही घरी बसून लिहिता: आई-बाबा अमुक तारखांना येत आहेत, माझ्याकडे राहतील, एवढंच. त्यावर सही केल्याने पैशाची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. हमीपत्र सरकारी अधिकाऱ्यासमोर सही करून मिळतं, सुरक्षा कागदावर छापलेलं असतं आणि कायद्याने बंधनकारक असतं. पाहुण्यांच्या राहण्या-खाण्यावर, आजारपणावर, शुश्रूषेवर किंवा त्यांना परत पाठवण्यावर जर्मन सरकारचा पैसा खर्च झाला, तर तो तुमच्याकडून वसूल होतो. त्यासाठी सरकारला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही, प्रशासकीय मार्गाने थेट वसुली करता येते. जबाबदारीची कमाल मुदत पाच वर्षं आहे. पाहुणे ठरल्याप्रमाणे वेळेत परत गेले की साधारणपणे ती तिथेच संपते. म्हणून सही करण्याआधी कागद नीट वाचा, जर्मन कच्चं असेल तर कुणाकडून तरी समजून घ्या. हे कर्जाला जामीन राहण्याइतकंच गंभीर काम आहे.

हमीपत्र प्रत्येकाला लागतंच असंही नाही. आई-बाबांची स्वतःची पेन्शन, ठेवी आणि बँकेतली शिल्लक भक्कम असेल तर ते स्वतःच्या खर्चाने येत असल्याचं दाखवू शकतात. जर्मनी त्यासाठी दर माणशी दिवसाला ४५ युरो हा आधार धरते. नव्वद दिवस आणि दोन माणसं म्हटल्यावर ही रक्कम ८,१०० युरो होते. मुलाकडे राहणार असल्याने प्रत्यक्षात एवढा खर्च होत नाही, तरी अर्जात क्षमता दिसावी लागते. निवृत्त शिक्षक, शेतकरी, छोटे दुकानदार अशा आई-बाबांच्या खात्यात एवढी मोकळी रक्कम सहसा नसते. तिथे हमीपत्राला पर्याय नाही, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

हमी कोण देऊ शकतं

जर्मनीत नोंदणीकृत पत्त्यावर राहणारी आणि पुरेसं उत्पन्न असलेली कुणीही व्यक्ती हमी देऊ शकते. ती जर्मन नागरिक असण्याची गरज नाही, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा परवाना) किंवा दुसरा वैध निवास परवाना चालतो. मात्र परवान्याची मुदत पाहुण्यांच्या मुक्कामापेक्षा पुढची असावी. परवाना नूतनीकरणाला टाकलेला असेल तर आधी तो हातात येऊ द्या. नातं असलंच पाहिजे अशीही अट नाही, सासू-सासरे, आत्या, मित्र कुणासाठीही हमी देता येते.

खरा प्रश्न उत्पन्नाचा. पगाराचा जो भाग कर्जवसुलीसाठीही जप्त करता येत नाही, त्याची मर्यादा जर्मन कायद्याने ठरवलेली आहे. अनेक कार्यालयं हमी देणाऱ्याचं निव्वळ उत्पन्न याच मर्यादेशी ताडून पाहतात. १ जुलै २०२५ पासून एकट्या माणसासाठी ही मर्यादा महिन्याला १,५५५ युरो झाली. तुमच्यावर अवलंबून असलेल्या पहिल्या व्यक्तीसाठी त्यात सुमारे ५८५ युरो आणि पुढच्या प्रत्येकासाठी सुमारे ३२६ युरो मिळवायचे. बायको घरी असते आणि एक लहान मूल आहे असं धरा. १,५५५ अधिक ५८५ अधिक ३२६, म्हणजे जवळपास २,४६६ युरो तुमच्या कुटुंबाचे म्हणून बाजूला पडतात. हातात येणारा पगार त्याच्या वर जेवढा, तेवढ्यातून पाहुण्यांचा खर्च निघतो का ते अधिकारी बघतो. हे आकडे दर वर्षी १ जुलैला बदलतात, आणि वर किती शिल्लक हवी याचा हिशोब प्रत्येक शहराचं कार्यालय आपल्या पद्धतीने करतं. स्टुटगार्टच्या मित्राला चाललं ते फ्रँकफुर्टमध्ये चालेलच असं नाही, तेव्हा आपल्याच शहराच्या कार्यालयाची यादी प्रमाण माना.

नोकरी नवी असून परीक्षाकाळ चालू असेल किंवा करार मुदतीचा असेल तर काही कार्यालयं हमी स्वीकारायला कां-कूं करतात. पगार थोडक्यात कमी पडत असेल तर बँकेत ठरावीक रक्कम गोठवून ठेवण्याचा मार्ग काही ठिकाणी मिळतो. तो तुमच्या शहराच्या कार्यालयात आहे का हे अपॉइंटमेंट घेतानाच ईमेलने विचारून ठेवा.

कार्यालयात काय न्यायचं

सहसा पुढची कागदपत्रं मागतात:

- तुमचा पासपोर्ट आणि निवास परवान्याचं कार्ड
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या (काही ठिकाणी सहा)
- नोकरीचा करार किंवा नोकरी चालू असल्याचं कंपनीचं पत्र. स्वतःचा व्यवसाय असेल तर कर सल्लागाराचा उत्पन्नाचा दाखला
- घरभाड्याचा करार, त्यात भाडं आणि घराचं क्षेत्रफळ दिसलं पाहिजे
- पाहुण्यांचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, पासपोर्ट क्रमांक, भारतातला पत्ता आणि मुक्कामाच्या तारखा

शुल्क एका हमीपत्राला २९ युरो आहे. आई-बाबा एकत्र येत असतील तर जोडीदाराचं नाव बहुतेक ठिकाणी त्याच कागदावर घेतात. सोबत बहीण किंवा मेव्हणा असेल तर त्यांचा कागद वेगळा. सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते, त्यामुळे स्वतः जाणं आलं.

कागद हातात पडला की तिथेच, काउंटरवर उभं राहून, दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे नावांचं स्पेलिंग आणि पासपोर्ट क्रमांक. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. जर्मन अधिकाऱ्याला ही रचना परिचयाची नसते आणि मधलं नाव गाळलं जातं. नंतर हाताने केलेली दुरुस्ती चालत नाही, नवा कागद काढावा लागतो. दुसरी गोष्ट अधिकाऱ्याच्या शेऱ्याची. हमी देणाऱ्याची आर्थिक क्षमता सिद्ध झाली की नाही, याची नोंद त्याच कागदावर असते. ती 'सिद्ध झाली' अशी असेल तरच व्हिसासाठी हमीपत्राला खरं वजन येतं.

व्हिसा अर्जासाठी हे हमीपत्र काढल्या दिवसापासून सहा महिने चालतं. भारतात मूळ प्रतच लागते, स्कॅन चालत नाही. खात्रीच्या कुरियरने पाठवा किंवा कुणी येणार असेल त्याच्या हाती द्या. मोठ्या शहरांत हमीपत्राची अपॉइंटमेंट मिळायलाच काही आठवडे जातात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि काही प्रकरणांत ते ४५ दिवसांपर्यंत लांबतात. सगळं जमेस धरलं तर उन्हाळ्यात आई-बाबांना आणायचं असेल त्याची तयारी जानेवारीतच सुरू झालेली बरी.

भारतातली बाजू

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अर्ज व्हीएफएसच्या, म्हणजे दूतावासासाठी व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या, केंद्रात द्यायचा, पुण्यातही केंद्र आहे. व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आहे, रुपयांत भरायचं, आणि व्हीएफएसचं सेवाशुल्क त्यावर वेगळं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

हमीपत्राने फक्त 'पैसे कोण देणार' या प्रश्नाचं उत्तर मिळतं. 'हे लोक परत जातील का' हा प्रश्न तसाच राहतो, आणि त्याचं उत्तर आई-बाबांच्या कागदांतून द्यावं लागतं. माझ्या मते घरोघरी सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मुलाचा पगार उत्तम, हमीपत्र चोख, आणि आई-बाबांच्या फाइलमध्ये बँकेचं एक पान! तसं करू नका. पेन्शन जमा होणारं खातं, बँकेचा शिक्का असलेलं शेवटच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, घरपट्टीची पावती, जमीन असेल तर सातबारा, नोकरी चालू असेल तर रजा मंजूर झाल्याचं पत्र, दुकान असेल तर त्याची नोंदणी, हे सगळं लावा. भारतात दुसरं अपत्य किंवा म्हातारी आजी घरी असेल तर सोबतच्या पत्रात तसं लिहा. सातबारा आणि ग्रामपंचायतीचे जुने दाखले मराठीत असतात, त्यांचं इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर जोडा. खातं फुगलेलं दिसावं म्हणून अर्जाच्या आधी आठवड्यात एकदम दोन-चार लाख भरू नका. अशी रक्कम नजरेत भरते आणि उलट शंका निर्माण करते.

नात्याचा पुरावा म्हणून तुमचा जन्मदाखला लागतो, आणि मराठी घरांत तिथेच अडतं. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एक, आईच्या पासपोर्टवर दुसरं. लग्नात आईचं नाव बदललेलं, कधी पहिलं बाळंतपण माहेरी झाल्यामुळे दाखल्यावर माहेरचंच नाव लागलेलं. जर्मनीत बसलेल्या मुलीचं आडनाव आता सासरचं. अधिकाऱ्याला या तीन कागदांवर एकच कुटुंब दिसलं पाहिजे. आई-बाबांचा विवाह दाखला, तुमचा विवाह दाखला, नाव राजपत्रातून बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रत आणि गरज पडल्यास 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, असं सगळं एकामागे एक लावून द्या.

अर्जात खर्च कोण करणार या रकान्यात हमी देणाऱ्याचं नाव आणि हमीपत्रावरच्या तारखा तंतोतंत जुळू द्या. हमीपत्रावर साठ दिवस आणि तिकिटाच्या आरक्षणावर नव्वद, असं झालं की प्रश्न आलेच. व्हिसा मिळेपर्यंत तिकिटाचं नुसतं आरक्षण ठेवा, पैसे भरू नका. सोबत तुमचं निमंत्रणपत्र, पासपोर्ट आणि निवास कार्डाच्या प्रती, आणि हमीपत्राची मूळ प्रत व झेरॉक्स.

विम्याकडे नीट बघा

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरो संरक्षणाचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे. स्वस्तातली पॉलिसी घेऊन ही अट पूर्ण होते, पण हमीपत्रावर तुमची सही असते तेव्हा अट पूर्ण होणं पुरेसं नाही. साठी-सत्तरीतल्या आई-बाबांना मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा जुना त्रास असतो. अनेक पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात, किंवा केवळ जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. जर्मन रुग्णालयातले काही दिवसही हजारो युरोंचे होऊ शकतात. विम्याने हात वर केले तर ते बिल फिरून तुमच्याकडे येऊ शकतं. म्हणून पॉलिसीतलं आधीच्या आजारांचं कलम शब्दन् शब्द वाचा, आजार अर्जात लपवू नका, आणि शक्य असेल तर ३०,०००पेक्षा मोठं संरक्षण घ्या. जर्मनीतल्या विमा कंपन्याही पाहुण्यांसाठी पॉलिसी देतात, ती तुम्ही जर्मनीतूनच काढू शकता. भारतातल्या पॉलिसीशी तुलना करूनच ठरवा. नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह पाठवायला सांगा.

नकार, आगमन आणि पुढचा व्हिसा

हमीपत्रात किंवा अर्जात खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि जर्मन कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पगारपावतीत फेरफार करून देतो म्हणणारे एजंट भेटले तर सरळ पाठ फिरवा.

व्हिसा नाकारला तर छापील कारण मिळतं. पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची मागणी करता येत असे, जर्मनीने ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागायची किंवा नव्याने अर्ज करायचा. परत जाण्याबद्दल शंका हे कारण असेल तर त्याच कागदांची फाइल पुन्हा देऊन उपयोग नाही, वर सांगितलेली भारताकडची बाजू भरभक्कम करून मगच जा.

येताना आई-बाबांच्या हातातल्या बॅगेत मूळ हमीपत्र, विमा, परतीचं तिकीट आणि तुमचा पत्ता-फोन असू द्या, कारण सीमेवर विचारणा होऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात टप्प्याटप्प्याने आलेल्या संगणकीय प्रवेश-निर्गमन नोंदणीमुळे मुक्कामाचे दिवस आपोआप मोजले जातात. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला बाळंतपणाची मदत हे कारण पुरत नाही. नातवंडासाठी आजी येणार असेल तर अपेक्षित तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीचं आगमन धरा, म्हणजे नंतरचे दोन-अडीच महिने तिला बाळाजवळ मिळतात. लवकर बोलावलं तर नेमके गरजेचे दिवस हातातून जातात.

परत गेल्यावर बोर्डिंग पास आणि पासपोर्टवर शिक्के पडले असतील तर त्यांच्या प्रती जपून ठेवा. हमी कधी संपली याचा तोच पुरावा, आणि पुढच्या अर्जातही तो कामी येतो. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळून ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. मात्र पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. आई-बाबांचा पासपोर्ट दोन वर्षांत संपणार असेल तर तो आधी नवा करून घ्या आणि मगच हमीपत्र काढा, कारण हमीपत्रावर पासपोर्टचा क्रमांक छापलेला असतो.