सुई आरपार गेली म्हणजे चामडं शिवलं असं नाही

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार लागतो. त्याआधीचे दोन महिने माझ्याकडे लगाम, मोहरक्या आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळायच्या पट्ट्यांचं काम असतं. त्याच दिवसांत हमखास दोन-तीन तरुण मुलं घरी येतात. कुणी शहाद्याकडचा, कुणी अमळनेरचा. चामड्याच्या बॅगा, पट्टे, पाकिटं करायला सुरुवात करायची असते आणि मशीन आधीच मनात ठरलेलं असतं. एकतर काळं फुल शटल अंब्रेला मशीन, नाहीतर कपड्यांच्या कारखान्यातून निघालेलं जुनं ‘जुकी’. हेच का, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: “दादा, दुकानदाराने समोर आठ पदर चामडं शिवून दाखवलं.”

आठ पदरांतून सुई गेली, हे खरं. पण सुई आरपार जाणं वेगळं आणि चामडं शिवलं जाणं वेगळं. हा एवढा एक घोळ नीट कुणी समजावून न सांगितल्यामुळे पोरांचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे हौस मरते. दरवर्षी तोंडी सांगून थकलो, म्हणून लिहून काढतो.

कपड्याचं मशीन तुम्हाला माहीत आहे. आईचं, आत्याचं, नाहीतर गल्लीतल्या टेलरचं. सुई वरखाली होते, बॉबिनचा दोरा खालून येऊन वरच्या दोऱ्यात अडकतो, फूट कापड दाबून धरतं आणि खालचे दाते कापड पलीकडे सरकवतात. यावर जास्त बोलत नाही.

चामड्यासाठी जे मशीन लागतं त्याला बाजारात ‘वॉकिंग फूट’ म्हणतात. टाका दोन्हीकडे तोच, वरचा दोरा आणि खालचा दोरा मालाच्या मधोमध एकमेकांत अडकलेले. बॉबिन तसंच, टेन्शनच्या चकत्या तशाच. अंगाने जरा दणकट दिसतं, पण अंगावर जाऊ नका. खरा फरक आहे तो माल कोण सरकवतं आणि कधी सरकवतं यात.

कपड्याच्या मशीनमध्ये माल सरकतो तेव्हा सुई वर असते, मालाच्या बाहेर. दाते फक्त खालच्या पदराला धरतात. वरचा पदर खालच्याच्या आधाराने जातो, आणि नेमकं त्याच वेळी फूट त्याला वरून अडवत असतं. कापडाला हे चालतं. कापड हलकं असतं आणि फुटाच्या गुळगुळीत पोलादाखालून निसटतं. चामडं निसटत नाही. त्याचा गुळगुळीत पृष्ठभागही फुटाला चिकटल्यासारखा धरतो, आणि चामडं जड असल्यामुळे दात्यांना ढकलायलाही जोर लागतो. मग आपण काय करतो, फुटाचा दाब वाढवतो. दाब वाढला की दाते जास्त रुततात, पण वरून अडवणूकही तेवढीच वाढते.

घरी करून पाहा. साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या, ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या एकत्र कापा. सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, लावू नका, चिमटे लावू नका. टोकाला टोक जुळवा आणि कपड्याच्या मशीनवर सरळ टीप मारा. शेवटी पोचाल तेव्हा वरची पट्टी खालचीपेक्षा लांब झालेली दिसेल, कधी अर्धा सूत, कधी सूतभर. लांबी वाढली नाही. खालची पुढे गेली, वरची मागे राहिली. पट्टी उलटी करा. टिपेच्या शेजारी दात्यांचे ओरखडे ओळीने उमटलेले असतात. कापडावरचा असा व्रण इस्त्रीने जातो, चामड्यावरचा जन्मभर राहतो.

आता हीच पट्टी बकलापाशी दुमडते ती जागा शिवा. तिथे जाडी एकदम दुप्पट होते. फूट त्या चढावर तिरकं होतं, त्याचं फक्त पुढचं टोक चामड्यावर टेकतं, मागच्या बाजूला दाब उरत नाही आणि दाते नुसते घासत राहतात. सुई मात्र आपली वरखाली होतच असते. पाच-सहा टाके एकाच जागी दाटतात. चामड्यात छिद्रं इतकी जवळजवळ पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. आणि बकलाची दुमड हीच सगळ्यात जास्त ओढ बसणारी जागा. माझ्या पहिल्या वर्षी तंगाचा एक पट्टा तिथेच फाटला होता. घोडा उभा होता, स्वार अजून चढायचा होता, म्हणून निभावलं. तो पट्टा मी अजून खिळ्याला टांगून ठेवला आहे. टाक्यांतलं अंतर पाहायला मुलांच्या हातात तोच देतो.

याच जागी वॉकिंग फूट मशीन काय करतं? सुई मालात घुसते, आणि घुसलेली असतानाच पलीकडे सरकते. तिच्याबरोबर खालचे दाते सरकतात आणि सुईच्या शेजारचं आतलं फूटही सरकतं. तिघं एकाच वेळी, एकाच अंतराने. मग बाहेरचं फूट खाली येऊन माल धरून ठेवतं, सुई वर निघते, आतलं फूट उचललं जातं आणि दोघं परत आपल्या जागी येतात. एक फूट धरतं तेव्हा दुसरं उचलतं, माणूस चालतो तसं. नाव त्यावरूनच पडलं.

कापसाची दोन पोती एकावर एक ठेवा आणि खालचं ओढा. वरचं मागे घसरेल. आता दोन्हींतून एक दाभण आरपार घाला आणि ओढा. दोन्ही बरोबर येतील. सगळा फरक या दाभणात आहे. माल सरकताना सुई आत असली तर पदर एकमेकांवर घसरूच शकत नाहीत, मग ते दोन असोत की चार. आणि दुमडीच्या चढावर दोन फुटं वेगवेगळ्या उंचीवर टेकू शकत असल्यामुळे टाक्याची लांबी तीच राहते.

म्हणून मोटर किती ताकदीची, ओतीव लोखंड किती किलोचं, आठ पदर जातात की दहा, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: माल सरकतो तेव्हा सुई आत असते की बाहेर?

हे नावावरून कळत नाही, कारण नावांचाच गोंधळ जास्त आहे. घरगुती मशीनला लावायचं ‘वॉकिंग फूट’ नावाचं एक जोडफूट मिळतं. त्याचा एक दांडा सुईच्या स्क्रूवर बसतो आणि त्याला वरून स्वतःचे दाते असतात. गोधडीला, जाड लोकरीला ते छान चालतं. पण सुई बाहेर असतानाच माल सरकतो, म्हणजे दाभण नाहीच. काही मशीनना फुटं दोन असतात आणि ती आळीपाळीने चालतातही, तरी सुई सरळ वरखालीच होते. तिसरा प्रकार मी वर सांगितला तो, सुई, फूट आणि दाते तिन्ही एकत्र चालणारा. कॅटलॉगमध्ये त्याला कंपाउंड फीड किंवा युनिसन फीड म्हणतात. तिघांनाही दुकानात वॉकिंग फूटच म्हणतात.

‘जुकी’ या शब्दाने तर माझं डोकं फिरतं. जुकी ही जपानी कंपनी आहे, मशीनचा प्रकार नाही. त्यांचं डीडीएल-८७०० हे कपड्याचं मशीन मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत पळतं आणि खालच्या दात्यांवरच चालतं. त्यांचंच डीएनयू-१५४१ हे कंपाउंड फीडचं आहे, सोफा आणि बॅगांच्या कामाचं. “माझ्याकडे जुकी आहे” म्हणणं म्हणजे “माझ्याकडे टाटाची गाडी आहे” म्हणण्यासारखं. ट्रक की कार, ते कळत नाही. फुल शटलचंही तसंच. शटलचा संबंध खालच्या दोऱ्याशी, माल सरकवण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. आणि ‘हेवी ड्यूटी’ हे तर फक्त स्टिकर आहे. त्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

तेव्हा नाव विचारू नका. मशीन बंद ठेवायला सांगा, हातचाक आपल्याकडे सावकाश फिरवा आणि सुईकडे बाजूने बघा. सुई नुसती वरखाली होत असेल तर ते कपड्याचं मशीन, वर काहीही लिहिलेलं असो. खाली गेल्यावर ती दात्यांमधल्या भोकासकट दोन-चार मिलिमीटर पलीकडे जाऊन परत येत असेल आणि दोन फुटं आळीपाळीने उचलत असतील, तर ते तुमचं मशीन.

चपला-बूट शिवणाऱ्यांकडे हाताने फिरवायचं एक लहान मशीन असतं, त्यात तर खाली दातेच नसतात. वरचं फूटच चामड्याला धरून ओढतं आणि ते कुठल्याही दिशेला वळवता येतं. बुटाच्या आत जाऊन ठिगळ लावायला त्यासारखं दुसरं नाही. पण त्यावर हातभर लांबीची एकसारखी सरळ टीप येत नाही. दुरुस्तीचं मशीन ते, नवीन माल करायचं नाही.

कपड्याचं मशीन चामड्याला अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. जॅकेटचं मऊ चामडं, मेंढीचं पातळ कातडं, सगळे पदर मिळून दोन मिलिमीटरच्या आत, एवढं त्यावर होतं. टेफ्लॉनचं फूट लावा, म्हणजे वरची अडवणूक कमी होते. बॅगेचं अस्तर आणि आतला खिसा तर मी मुद्दाम त्याच्यावरच करतो, कारण पातळ कापडावर वॉकिंग फूट टाके जाड मारतं. त्यामुळे घरचं मशीन विकायची घाई करू नका.

मोटरबद्दल एवढंच: जुनी क्लच मोटर सतत फिरत असते आणि नवख्याच्या पायाखाली मशीन एकदम पळतं. सर्व्हो घ्या. टाका-टाका चालवता येतं आणि वीजही कमी लागते. सपाट टेबलाचं की नळीसारख्या हाताचं? पट्टे, पाकिटं, सपाट बॅगा करायच्या असतील तर सपाट.

सुई आणि दोरा मात्र नीट समजून घ्या. चामड्याची सुई टोकाला पात्यासारखी असते, ती कापत जाते. कापडाची गोल टोकाची सुई धाग्यांमध्ये वाट काढते, आणि चामड्यात वाट काढायला धागेच नसतात. डीबी एक्स १ सुई कारखान्यातल्या कपड्याच्या मशीनची. कंपाउंड फीडमध्ये बहुतेक ठिकाणी १३५ एक्स १६ बसते, ती चामड्याच्या टोकाची. १३५ एक्स १७ दिसायला तीच, पण टोक गोल. एका आकड्याचा फरक आहे, पाकीट वाचून घ्या. दोरा बॉन्डेड नायलॉनचा घ्या. टेक्स हा दोऱ्याच्या जाडीचा आकडा: टेक्स ७० ला १८ नंबरची सुई, टेक्स ९० ला २०, टेक्स १३५ ला २२. घरगुती मशीन टेक्स ७० पुढे जात नाही. जाड दोऱ्याला जाड सुई लागते आणि जाड सुई वरचा दोरा पकडणाऱ्या खालच्या हुकाला घासते. टाचण्या चामड्यात कधीही खुपसू नका, चुकलेली टीप उसवून पुन्हा मारू नका. चामड्यातलं छिद्र बुजत नाही.

आपल्याकडे उन्हाळ्याचा हिशेबही धरावा लागतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा डब्यातून काढलेलं सोल्यूशन ब्रश फिरवेपर्यंत सुकतं आणि दोऱ्याचं मेण बोटांना लागतं. चिकटवायचं काम मी सकाळी आठच्या आत उरकतो.

आणि मशीनच्या आधी हात. यावर माझा आग्रह आहे. पहिले सहा महिने मशीन घेऊच नका. एक चांगली रापी (चामडं कापायचं-तासायचं पातं), टोचायची एक आरी, चार मिलिमीटर अंतराचे छिद्रं पाडायचे काटे, लाकडी हातोडा, बोथट टोकाच्या दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. बस. साठ नगांचे तयार संच मिळतात, ते घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं हातात येत नाहीत आणि उरलेल्यांना धार नसते. त्या पैशात एकच रापी घ्या आणि ती दगडावर लावायला एखाद्या जुन्या कारागिराकडून शिका. रापीने कड तासून पातळ करता आली की बकलाच्या दुमडीचा निम्मा त्रास तिथेच संपतो, मशीन कुठलंही असो.

हाताचा टाका वेगळा असतो. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. मशीनच्या टिपेत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांच्या भरवशावर असतात, एक तुटला की शेजारचे टाके ढिले पडतात. हाताच्या टाक्यात एका बाजूचा दोरा झिजला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. लगाम आणि तंग मी आता हातानेच शिवतो. दहा मिलिमीटरच्या पुढची जाडी बहुतेक सपाट वॉकिंग फूट मशीनना तशीही झेपत नाही, त्याला जुकीच्या टीएससी-४४१ च्या जातीचं खोगिराचं मशीन लागतं, आणि सुरुवातीला त्याचा विचारही करू नका.

सहा महिन्यांनी मशीन पाहायला जाल तेव्हा त्याच दोन पट्ट्या खिशात घेऊन जा, ३० सेंटिमीटरच्या, एकत्र कापलेल्या, एका टोकाला दुमड घातलेल्या. दुकानदार आठ पदर घ्यायला लागला तर त्याला थांबवा. दोनच पदर, न चिकटवता, दुमडीवरून शिवायला सांगा. टोकं जुळली आणि दुमडीवरचे टाके बाकीच्यांएवढेच लांब आले, तर भावाचं बोलणं सुरू करा.