नॉर्मशिवाय ग्रँडमास्टर: दिव्या देशमुखच्या किताबामागची पन्नास वर्षं

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमी शहरात दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद डावांत, हरवलं आणि बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर हा खेळातला सर्वोच्च किताबही तिच्या नावावर लागला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. भारतीय महिलांमध्ये हंपी, द्रोणावल्ली हरिका आणि आर. वैशाली यांच्यानंतरची चौथी, आणि महाराष्ट्रातली पहिली महिला. बाटुमीला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी, नव्हता. एरवी तीन लागतात. त्यामुळे किताब सोप्या वाटेने हाती आला, असं वाटणं साहजिक आहे. पण नॉर्मचे नियम नीट पाहिले की चित्र उलटं दिसू लागतं.

किताबाच्या नेहमीच्या अटी दोन. रेटिंग, म्हणजे निकालांवरून ठरणारा खेळाडूच्या ताकदीचा आकडा, एकदा तरी २५०० ला पोचलं पाहिजे आणि किमान २७ डावांत मिळून तीन नॉर्म झाले पाहिजेत. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत, सहसा नऊ फेऱ्यांत, २६०० च्या तोडीचा खेळ. नुसते गुण जमवून भागत नाही. प्रतिस्पर्ध्यांपैकी किमान तीन ग्रँडमास्टर हवेत, निम्मे तरी किताबधारी हवेत, बाहेरच्या किमान दोन देशांचे खेळाडू समोर यायला हवेत आणि प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३८० च्या खाली जाता कामा नये. सरासरी नेमकी २३८० असेल तर नऊपैकी सात गुण लागतात. ती २४३४ झाली की साडेसहा, २४७५ ला सहा आणि २५२० ला साडेपाच. म्हणजे समोरचे जितके तगडे, तितके कमी गुण पुरतात. म्हणूनच नॉर्मच्या मागे लागलेला खेळाडू फेरीची जोडी जाहीर झाली की आधी समोरच्याचं रेटिंग आणि किताब पाहतो, रंग नंतर.

हे गणित बिघडायला फार काही लागत नाही. समोरचा आलाच नाही तर गुण मिळतो, पण न खेळलेला डाव नॉर्ममध्ये धरला जात नाही. स्विस पद्धतीत, म्हणजे जवळपास सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावणाऱ्या स्पर्धेत, सुरुवातीलाच एक डाव गेला की पुढच्या फेऱ्यांत कमी रेटिंगचे खेळाडू वाट्याला येतात आणि सरासरी घसरते. मग उरलेले सगळे डाव जिंकले तरी आकडा जुळत नाही. कधी सगळं जुळतं, पण ग्रँडमास्टर दोनच भेटलेले असतात. भारतातल्या खुल्या स्पर्धांचे आयोजक परदेशी ग्रँडमास्टरना प्रवेश शुल्क माफ करून वर राहण्याजेवणाची सोय करतात, ते याचसाठी. जिथे ही सोय नाही तिथला खेळाडू स्वतःच्या खर्चाने सर्बिया, हंगेरी, स्पेन अशा वाऱ्या करतो. नागपूरच्याच संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये सर्बियात लागोपाठ स्पर्धा खेळून अवघ्या २४ दिवसांत तिन्ही नॉर्म पुरे केले होते. इतकी सलग लय क्वचितच कोणाला सापडते. बहुतेकांचा तिसरा नॉर्म शेवटच्या फेरीतल्या अर्ध्या गुणावर अडतो, आणि तोही वर्षानुवर्षं.

रेटिंगचीही हीच गत. एकदा २४०० ला पोचलं की प्रत्येक डावातले अपेक्षित गुण आणि मिळालेले गुण यांच्या फरकाला फक्त १० ने गुणतात. आपल्याइतक्याच रेटिंगच्या नऊ जणांविरुद्ध सहा गुण केले, म्हणजे अपेक्षेपेक्षा दीड गुण जास्त, तर पदरात पंधरा रेटिंग गुण पडतात. पुढची एक वाईट स्पर्धा ते परत घेऊन जाते.

आता हेच नियम महिलांच्या स्पर्धेला लावून पाहा. बुडापेस्टच्या २०२४ च्या ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या स्पर्धेत, दिव्या भारतीय महिला संघाकडून तिसऱ्या पटावर अकराही डाव खेळली. आठ विजय, तीन बरोबऱ्या, साडेनऊ गुण, संघाचं सुवर्ण आणि त्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही. कामगिरीचं रेटिंग निघालं २६०८, म्हणजे नॉर्मच्या रेषेच्या वर. तरीही नॉर्म नाही. साडेनऊ गुण म्हणजे ८६ टक्के, आणि त्या टक्केवारीला जागतिक संघटनेच्या तक्त्यात कामगिरी आणि प्रतिस्पर्ध्यांची सरासरी यांच्यात ३०९ चा फरक दिलेला आहे. २६०८ मधून तो वजा केला की प्रतिस्पर्ध्यांची सरासरी उरते २३०० च्या आसपास. अट २३८० ची. शिवाय महिला विभागाच्या तिसऱ्या पटावर पूर्ण ग्रँडमास्टर किताब असलेली खेळाडू विरळाच. जगात दोन हजारांच्या घरात ग्रँडमास्टर आहेत आणि त्यांत महिला चाळीसहून थोड्याच जास्त. ज्या स्पर्धांत महिला सर्वाधिक खेळतात तिथे नॉर्मचा कच्चा मालच नसतो. त्याच वर्षी जूनमध्ये गांधीनगरला तिने वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा अकरापैकी दहा गुणांनी जिंकली होती. किताबाच्या हिशेबात तिथेही हीच अडचण.

त्यामुळे नॉर्म हवा तर खुल्या गटात, पुरुषांसोबत खेळावं लागतं. ही वाट आज गृहीत धरली जाते. ती मोकळी होण्यात मुंबईच्या एका घराचा वाटा आहे आणि त्याची आठवण फार कमी काढली जाते.

‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये झाली आणि ती वासंती यांनी जिंकली. त्यानंतरची सुमारे दहा वर्षं राष्ट्रीय विजेतेपद या तिघींच्या बाहेर गेलंच नाही. त्यातली पाच विजेतेपदं एकट्या रोहिणी यांची. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि गदारोळ झाला. मुलीने तिथे खेळावं की नाही, हा वाद उच्च न्यायालयात गेला. जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी विश्वविजेते मॅक्स युवे यांनी अखेर स्पष्ट केलं की, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून महिला म्हणून कोणालाही वगळता येणार नाही. पटावर त्या स्पर्धेत कोण कितवं आलं, यापेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा होता. रोहिणी पुढे १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या.

या घटना किताबाच्या इतिहासाशेजारी ठेवल्या की काळाचं भान येतं. जागतिक संघटनेने १९५० मध्ये पहिल्या २७ जणांना ग्रँडमास्टर किताब दिला, त्यात एकही महिला नव्हती. नोना गाप्रिंदाश्विली या पहिल्या महिला ग्रँडमास्टर ठरल्या त्या १९७८ मध्ये, आणि त्यांच्याही बाबतीत नॉर्मच्या डावांची संख्या पुरी भरत नव्हती. नॉर्म आणि रेटिंग या दोन्ही अटी पुऱ्या करून किताब मिळवणारी पहिली महिला म्हणजे हंगेरीची सुझान पोल्गार, १९९१ मध्ये. म्हणजे खाडिलकर भगिनी ऐन भरात होत्या तेव्हा हा किताब महिलेला रीतसर मिळवता येतो, याचं एकही उदाहरण जगात नव्हतं.

महाराष्ट्रात नंतरही खेळाडूंची वानवा नव्हती. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे सांगलीची स्वाती घाटे, पुण्याच्या ईशा करवडे आणि सौम्या स्वामिनाथन आल्या. सौम्या तर २००९ ची ज्युनिअर विश्वविजेती. या सगळ्या महिला इंटरनॅशनल मास्टर, महिला ग्रँडमास्टर किंवा इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालची पायरी) या टप्प्यापर्यंत पोचल्या. महिला ग्रँडमास्टर हा वेगळा किताब आहे. त्याला २३०० रेटिंग आणि २४०० च्या कामगिरीचे नॉर्म पुरतात, आणि पूर्ण ग्रँडमास्टरपासून तो चांगला दोनशे गुण अलीकडे आहे. पुरुषांत प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आणि पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले, देशातले अनुक्रमे तिसरे आणि चौथे. बुडापेस्टच्या सुवर्णविजेत्या महिला संघाचे कर्णधार हेच कुंटे.

दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ चा, नागपूरचा. आईवडील दोघेही डॉक्टर. सुरुवातीचे प्रशिक्षक नागपूरचेच राहुल जोशी. दहा आणि बारा वर्षांखालील जागतिक विजेतेपदं तिने २०१४ आणि २०१७ मध्ये मिळवली. २०२१ मध्ये ती महिला ग्रँडमास्टर झाली, २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर झाली आणि त्याच वर्षी आशियाई महिला विजेतीही. तिच्याच शहरात, त्याच डिसेंबरमध्ये जन्मलेला रौनक साधवानी २०१९ मध्येच, तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता. दोघांच्या प्रतिभेची तुलना इथे करायची नाही. पण वयोगटातल्या मुलींच्या, मग महिलांच्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा, संघाची निवड, पदकं असं भरगच्च वेळापत्रक असलेल्या मुलीला नॉर्मजोग्या खुल्या स्पर्धांसाठी किती आठवडे उरतात, हा प्रश्न निवड समित्यांनी आणि पालकांनी स्वतःला विचारायलाच हवा.

थेट किताबाची तरतूद या कोंडीवरचा एक उपाय आहे. महिला विश्वचषक जिंकणारीला नॉर्मची अट लागत नाही. २०२१ मध्ये अलेक्झांड्रा कोस्टेनिक आणि २०२३ मध्ये अलेक्झांड्रा गोर्याच्किना जिंकल्या तेव्हा त्या आधीच ग्रँडमास्टर होत्या. त्यामुळे या स्पर्धेतून किताब मिळालेली दिव्या पहिली.

त्यासाठी बाटुमीत काय करावं लागलं ते पाहा. १०७ खेळाडू, बाद पद्धत, प्रत्येक लढतीत दोन पारंपरिक डाव आणि बरोबरी झाली तर जलद डावांचा टायब्रेक. नॉर्मच्या स्पर्धेत एक पराभव पुढे भरून काढता येतो, इथे एक वाईट दिवस आला की सामान आवरायचं. पंधरावं मानांकन असलेल्या दिव्याने चौथ्या फेरीत चीनच्या झू जिनरला टायब्रेकमध्ये गाठलं. उपांत्यपूर्व फेरीत हरिकाला, तेही टायब्रेकमध्येच. उपांत्य फेरीत माजी विश्वविजेती तान झोंगयीविरुद्धचा निर्णायक डाव १०१ चालींपर्यंत ताणला गेला. अंतिम फेरीत हंपीविरुद्ध दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले, पहिला जलद डावही बरोबरीत गेला आणि दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. त्या दिवशी ती १९ वर्षांची होती आणि समोरच्या हंपीने २००२ मध्ये, दिव्याच्या जन्माआधी, ग्रँडमास्टर किताब मिळवलेला होता. विजेतीला ५०,००० डॉलर मिळाले आणि २०२६ च्या महिला कँडिडेट्सची, म्हणजे विश्वविजेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागाही.

किताबानंतर तिने खुल्या गटाची वाट धरली, हे विशेष. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंदच्या ग्रँड स्विसमध्ये महिला विभाग असूनही ती खुल्या विभागात खेळली. विश्वविजेत्या गुकेशशी तिने बरोबरी केली आणि इजिप्तच्या बासेम अमीनला हरवलं. नोव्हेंबरमध्ये गोव्यात झालेल्या विश्वचषकात २०६ खेळाडूंत ती एकटी महिला होती आणि पहिल्याच फेरीत बाद झाली.

ग्रँडमास्टर किताब तहहयात असतो, रेटिंग खाली आलं तरी तो जात नाही. आता दिव्या ज्या स्पर्धेत बसेल तिथे तीन ग्रँडमास्टरच्या अटीत तिची गणना होईल, आणि महिलांच्या स्पर्धेत तिच्यासमोर येणाऱ्या मुलीच्या नॉर्मच्या तक्त्यात त्या रकान्यात एकाची भर पडेल.