डॉप्लर रडारला ढगाचा वेग कसा कळतो?

डॉप्लर म्हटले की शाळेतली रेल्वेची शिट्टी हटकून पुढे येते: गाडी जवळ येताना आवाज चढतो, लांब जाताना उतरतो. हवामानाचे रडार वेग मोजते ते असे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ढगांत बीजारोपणाच्या, म्हणजे कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी सोलापुरात सी-बँड रडार लावले होते. या जातीच्या रडारची तरंगलांबी 5.3 सेंटिमीटरच्या आसपास. सेकंदाला 10 मीटरने सरकणाऱ्या थेंबांवरून लहर परतली, तर वारंवारिता जेमतेम 377 हर्ट्झने बदलते. रडार लहर तुकड्या-तुकड्यांनी सोडते; असा एक तुकडा म्हणजे पल्स. एका मायक्रोसेकंदाची पल्स मुळातच सुमारे दहा लाख हर्ट्झभर पसरलेली. त्यात हे 377 हाती लागायचे कसे?

अंतराचे काम सोपे. पल्स जाऊन यायला लागलेला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले दोन. पंढरपूरवरचा ढग सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर, म्हणून प्रतिध्वनी 400 मायक्रोसेकंदांत हजर.

वेगासाठी लागोपाठच्या पल्सची फेज ताडून पाहतात. म्हणजे परतलेली लहर चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते. सेकंदाला 1000 पल्स सोडल्या तर दोन पल्समध्ये तो थेंब 1 सेंटिमीटर सरकतो, जाण्यायेण्याचा रस्ता 2 सेंटिमीटरने बदलतो आणि फेज 136 अंशांनी. हे सहज मोजता येते. मात्र फक्त रडारच्या दिशेचा वेग कळतो. आडवा जाणारा ढग स्थिरच वाटतो.

गोची पुढे आहे. फेज 180 अंशांपलीकडे गेली की पुढे आणि मागे यांतला फरक कळत नाही. इथे ती हद्द सेकंदाला 13.25 मीटर. 20 मीटरने दूर जाणारा वारा साडेसहा मीटरने जवळ येताना दिसतो! पल्सचा दर दुप्पट करून हद्द वाढवावी, तर अंतर आखडते, कारण पुढची पल्स सुटण्याआधी प्रतिध्वनी परतायला हवा: 1000 पल्सना 150 किलोमीटर, 2000 ना 75, म्हणजे लातूरसुद्धा हाती लागत नाही. 1000 वरही नांदेडचा उंच ढग, अंतर 220 किलोमीटर, पुढची पल्स सुटल्यावर उत्तर देतो आणि पडद्यावर लातूरच्या अलीकडे, 70 किलोमीटरवर उमटतो. वेगाच्या गोंधळावर तोड म्हणून आलटून पालटून 1000 आणि 750 चा दर वापरतात. तोच वारा एकदा उणे (म्हणजे जवळ येणारा) साडेसहा, एकदा जवळपास शून्य दिसतो. दोन्ही आकड्यांत बसणारा पहिला वेग 20.

पवनचक्क्या ढग पळवतात, ही समजूत दुष्काळात हमखास डोके वर काढते. तिला आधार नाही. रडारला मात्र त्या खरोखर छळतात: डोंगर, इमारती फेज बदलत नाहीत म्हणून गाळता येतात, फिरती पाती त्या चाळणीतून निसटतात आणि कोरड्या आभाळात पाऊस दाखवतात.