कात्रजच्या नागाचे दात कोणी काढलेले नाहीत

कात्रजच्या सर्पोद्यानात रविवारी नागासमोर पाच मिनिटं उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "घाबरतोस काय? यांचे दात काढलेले असतात." सांगणारे बहुधा बाबा किंवा काका, आणि आवाजात खात्री अशी, की जणू दात त्यांनीच उपटलेत.

नाही हो. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, सगळ्यांचं विष आणि विषदंत जागच्या जागी असतात. शिवाय दात काढून भागतही नाही, कारण सापाला विषदंत आयुष्यभर नवे येत राहतात. ही रचना माझ्या फार आवडीची आहे, तेव्हा जरा खोलात जाऊ.

विषदंत वरच्या जबड्यातल्या मॅक्सिला नावाच्या हाडावर बसतो. घोणसीचं हे हाड आखूड आणि फिरतं, म्हणून तोंड मिटताना तिचा लांब दात मागे दुमडून टाळूला टेकतो. नागाचा दात आखूड आणि जवळजवळ स्थिर. दोघांचाही दात इंजेक्शनच्या सुईसारखा पोकळ, फक्त विषाचं भोक अगदी टोकाला नसून जरा वर, पुढच्या अंगाला असतं. त्यामुळे टोक बळकट राहतं.

आता खरी गंमत. प्रत्येक बाजूच्या हाडावर शेजारी शेजारी दोन खाचा असतात. एकीत कामाचा दात, दुसरी रिकामी, आणि मागे हिरडीत कमीजास्त वाढलेल्या राखीव दातांची रांग. रिकाम्या खाचेत नवा दात घट्ट बसला की जुना गळतो, पुढची पाळी पहिल्या खाचेची. मधल्या काळात एकाच बाजूला दोन दात दिसू शकतात. मग विषाची नळी नव्या दाताला जोडतं कोण? कोणीच नाही! डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारी नळी दाताला चिकटलेलीच नसते. ती दाताभोवतीच्या मऊ आवरणात उघडते, आणि तिथे जो दात उभा असेल त्याच्या बुडाच्या भोकातून विष आत शिरतं. गळलेला दात बऱ्याचदा भक्ष्यात रुतून पोटात जातो आणि विष्ठेत सापडतो.

गारुड्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा दात उपटतो. काही जण तर तोंडच शिवतात. जखम चिघळते, साप उपाशी राहतो, आणि नागपंचमीला तहानेने दुधात तोंड घातलं की आपण हात जोडतो. दूध सापाला पचत नाही.

प्राणिसंग्रहालयात भरवसा ठेवायचा तो साप उचलायचा हूक, कुलूप आणि दुहेरी दारावर. पिंजरा उघडण्याआधी आतला प्रत्येक साप डोळ्यांना दिसलाच पाहिजे. मण्यार निशाचर, दिवसा आडोशाला पडून असते, त्यामुळे ही मोजणी तिच्याच बाबतीत वेळ खाते. सफाईपूर्वी सापाला बंद पेटीत सरकवतात.

तरी दंश झालाच, तर प्रतिविष. घोड्यांना विषाच्या छोट्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तापासून ते बनवतात. आपल्या पिंपरीत हाफकिनमध्येही बनतं. पण भारतातलं नेहमीचं प्रतिविष वर सांगितलेल्या चार सापांच्या विषावरच बेतलेलं आहे. नागराजाच्या, म्हणजे किंग कोब्राच्या, दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही. त्याच्यासाठीचं प्रतिविष थायलंडमधली रेड क्रॉस बनवते, आणि नागराज ठेवणाऱ्याने साप आणण्याआधी त्या औषधाची सोय करायला हवी.