पॅकेज बिल्डमध्ये गळणारी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून मिळणारी नाव-किंमत (व्हॅल्यू) जोडी. टर्मिनलमध्ये नीट सेट केलेले असे व्हेरिएबल पॅकेज बांधताना आत पोचले नाही, तर बिल्ड, म्हणजे ही बांधणी, अडतो. कधी तो डीफॉल्ट किंमत घेऊन गुपचूप पूर्णही होतो, आणि ते जास्त घातक. अशा वेळी व्हेरिएबल बहुधा बिल्डच्या साधनाने मुद्दाम काढून टाकलेले असते.

एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सची सोय युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासूनची. प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसकडून व्हेरिएबल्सची प्रत मिळते. शेलमध्ये (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एक्स्पोर्ट न केलेले, म्हणजे पुढे द्यायला न सांगितलेले, व्हेरिएबल त्या प्रतीत येतच नाही, म्हणून आधी तेच तपासावे.

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत्यासाठी हळदीच्या सौद्याची पट्टी छापणारे जावा सॉफ्टवेअर डेबियन या लिनक्स प्रणालीचे पॅकेज करून द्यायचे आहे, असे समजू. डीपीकेजी-बिल्डपॅकेज या डेबियनच्या साधनाने ते बांधले जाते, पण त्यालाच आतून चालवणाऱ्या डीबिल्डने बांधताना ‘जावा_होम’ (जावा कुठे आहे ते सांगणारे व्हेरिएबल) सापडत नाही. कारण सरळ आहे: डीबिल्ड मोजकी व्हेरिएबल्स ठेवून बाकीची पुसते आणि ‘पाथ’ही (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) स्वतःच ठरवते. ‘जावा_होम’ पॅकेजच्या रूल्स फाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एक्स्पोर्ट केले की हा अडथळा सुटतो. मग तेच पॅकेज स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी प्रणालीपासून वेगळ्या फोल्डरात) बांधायला घेतले, की जावा १७ चा कंपायलर ‘शेतकऱ्याचे नाव’, ‘हमाली’, ‘तोलाई’ या अक्षरांवरच अडू शकतो. तिथे लोकॅल (भाषेची सेटिंग) ‘सी’ असेल, तर कंपायलर सोर्स फाइल आस्की या इंग्रजीपुरत्या अक्षरसंचातली समजून वाचतो, आणि देवनागरी आस्कीत नाही. कंपायलरला एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) देवनागरी चालणारे यूटीएफ-८ असे स्पष्ट सांगणे हा यावरचा पक्का उपाय. २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट आहे. मराठीत काम करणाऱ्यांनी हा दोष ओळखून ठेवायलाच हवा; इंग्रजी पट्टी छापणाऱ्याला तो कधी दिसणारही नाही.

गळती शोधताना अंदाज बांधत बसू नये. टर्मिनलमध्ये आणि बिल्डच्या अगदी आत व्हेरिएबल्सची यादी देणारी ‘एन्व्ह’ ही आज्ञा चालवून दोन्ही याद्या फरक दाखवणाऱ्या डिफने ताडाव्यात. मधल्या कोणत्या पायरीवर नाव गळाले ते पाहावे. दुसऱ्या युजरच्या, सहसा अ‍ॅडमिनच्या, अधिकाराने आज्ञा चालवणारा सुडो सहसा एन्व्हायरन्मेंट रिसेट करतो; प्रॉक्सीचे व्हेरिएबलही त्यात जाते, त्यामुळे प्रॉक्सीमागच्या कॉलेज लॅबमध्ये डाउनलोड तिथेच थांबते. मेक या बिल्डच्या साधनाच्या रेसिपीतील (आज्ञांच्या यादीतील) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते, म्हणून एका ओळीतला एक्स्पोर्ट पुढच्या ओळीला लागू होत नाही. डॉकर बिल्डला (वेगळ्या कंटेनरमधल्या बांधणीला) होस्टची, म्हणजे मूळ संगणकाची, व्हेरिएबल्स आपोआप मिळत नाहीत.

डीबिल्डला ‘सगळे जपून ठेव’ असा पर्यायही देता येतो. तपासणीपुरता तो चांगला, पण कायम ठेवला तर पॅकेज एकाच लॅपटॉपवर बांधले जाते. मिरजेतल्या सहकाऱ्याकडे ते पुन्हा अडणार. लागणारी किंमत बिल्डच्या फाइलमध्येच लिहावी. पासवर्ड आणि टोकन मात्र याला अपवाद: डॉकरफाइलमध्ये ‘आर्ग’ किंवा ‘एन्व्ह’ने दिलेली किंमत इमेजच्या हिस्टरीत दिसू शकते, म्हणून ती सीक्रेट माउंटनेच (बिल्डपुरती दिसणारी, इमेजमध्ये न साठणारी सोय) द्यावी.